तोंड दिसेल इतकं पॉलिश

८ जानेवारी १९६१, रविवार. नंदुरबार.
आज मेहुण्याकडे जाऊन जाहीर करून टाकलं. नथ्थूची वरात घोडीवरून नाही, माझ्या मोटारीतून निघेल. लग्न ५ फेब्रुवारीला. मोटारीतून मांडवात उतरणारा आमच्या गोतावळ्यातला पहिला नवरदेव, आणि मोटार त्याच्या फुवाची. म्हणजे आत्याच्या नवऱ्याची, माझी.
शांतीलाल (मेहुणा, नथ्थूचा बाप) बाहेर आला, मोटारीभोवती फिरला आणि म्हणाला, "जिजाजी, ही मोटार शे का तवा?"
रंग थोडा गेलाय, मान्य. मूळचा काळा आहे. आता म्हशीला चिखल लागून वाळला की दिसतो तसा दिसतो. पण "तवा" म्हणायची गरज नव्हती. चार माणसं बसली होती.
मग त्याने अट घातली. "मोटारमा मन्हं तोंड दिसनं पाहिजे. दिसनं तर नथ्थू मोटारमा, नही ते घोडीवर."
मी म्हटलं, कबूल.

९ जानेवारी
मंगला (बायको) म्हणते, जुनं धोतर घ्या, थोडं तेल घ्या आणि घासा. बायकांना भांडी आणि मोटार यांतला फरक समजावता समजावता सकाळ गेली. हल्ली मोटारीला विजेच्या यंत्राने पॉलिश करतात. पुढे तवा असतो (हा शब्द आता बदलला पाहिजे), त्याला लोकरीची टोपी घालतात, आणि तो फिरतो.
संकल्प : यंत्र घ्यायचं. सुरतहून.

१२ जानेवारी
सुरतच्या दुकानदाराने मागवल्याप्रमाणे छापील माहिती पाठवली. यंत्रं तीन प्रकारची. खाली बारीक अक्षरांत लिहिलंय, नवशिक्याने हळू फिरणारं, हलकं यंत्र घ्यावं.
हे नवशिक्यांसाठी आहे. मी आठ महिने मोटार चालवतोय. त्यातले जे महिने ती बंद होती ते धरून.
आबांना (वडील) विचारलं, यंत्र कसं पारखावं. आमच्या आबांनी सारंगखेड्याच्या यात्रेत जन्मभर घोडे आणि बैल घेतले. ते म्हणाले, जनावर घेताना अंगात पाणी शे का ते पाहावं, मऊ जनावर घेऊ नये. पटलं. यंत्र काय आणि जनावर काय, दोन्हीला दोरी असते.
माझी स्वतःची पारखही वाईट नाही. तो एक बैल शेतात बसायचा, पण तो स्वभावाने बसायचा. त्यात माझी चूक नव्हती.

१५ जानेवारी, रविवार. सुरतहून परत.
यंत्र आणलं! सगळं लिहून ठेवतो.
दुकानात तिन्ही मांडून ठेवायला सांगितली. पहिलं उचललं. हलकं. पाठीवर थाप मारली. काही नाही. चालू करायला सांगितलं, तर आवाज असा की झोप यावी. दुकानदार म्हणतो, शेठ, हेच न्या, शिकाऊ माणसाला बरं, रंग जळत नाही. मी मनात म्हटलं, बसका माल गळ्यात मारतोय.
दुसरं बेताचं.
तिसरं मात्र! उचलताना कंबरेत चमक निघाली. तोंडापासून बुडापर्यंत लोखंड. चालू केलं तर टेबलावरून उडी मारून खाली गेलं. दुकानदार म्हणाला, हे कारखान्यात लोखंड घासायला नेतात. मी तोंड वाकडं केलं. पसंत पडलेला माल चेहऱ्यावर दाखवायचा नसतो.
मग रीतीप्रमाणे खांद्यावरचं उपरणं दुकानदाराच्या हातावर टाकलं आणि आत बोटं धरून भाव केला. यात्रेत करतात तसा. त्याने हात झटकन ओढून घेतला आणि "आ शुं करो छो?" म्हणून ओरडला. आतून दोन माणसं धावत आली. मी पुन्हा उपरणं टाकलं, तर तो स्टुलावर चढला.
शेवटी छापील किंमत दिली. सुरतसारखं शहर, पण व्यवहाराची रीत नाही.
सोबत दोन तवे मिळाले. एक लोकरीचा (म्हणजे ती टोपीच), एक खरखरीत.

१६ जानेवारी
कंबर. दिवसभर झोपून. यंत्र मात्र उशाशी ठेवलं होतं.

१७ जानेवारी
लोकरीचा तवा सापडत नाही. घरात चोर शिरला असावा. यंत्र सोडून तवा नेणारा चोर म्हणजे माहीतगार.
संकल्प : खोळंबून राहायचं नाही. तूर्त खरखरीत तव्याने सुरुवात.

१९ जानेवारी, गुरुवार
सुरुवात झाली. ओट्यावरच्या बल्बच्या होल्डरमधून वायर काढली, मोटारीच्या बॉनेटवर तवा टेकवला आणि बटण दाबलं.
यंत्रात पाणी आहे. आबांनी सांगितलं तसंच. त्याने मला बॉनेटवरून डाव्या चाकाकडे नेलं, तिथून तुळशीकडे, तिथून पुन्हा मोटारीकडे. वायर माझ्या पोटाला गुंडाळत गेली. मी सोडलं नाही. उधळलेल्या जनावराची दोरी सोडायची नसते. मंगलाने होल्डरमधून वायर उपटली तेव्हा आम्ही दोघं ओट्याला टेकलो होतो.
ती म्हणाली, "मोटार घासी ऱ्हायनात का ओटा?"
दोन्ही थोडं थोडं झालं.
महत्त्वाचा शोध : काळ्या रंगाखाली लाल रंग आहे. लालखाली हिरवा. मोटार चांगल्या घरची दिसते.

२२ जानेवारी
बॉनेट पूर्ण. दोन्ही मडगार्ड पूर्ण. तीन दारं पूर्ण. आता हिरव्याखालचं लोखंड दिसायला लागलं. लोखंडाला मुळात रंगापेक्षा चकाकी जास्त, त्यामुळे काम योग्य दिशेने चाललंय.
लोकरीचा तवा सापडला. आबांच्या डोक्यावर होता. ते आठवडाभर गोधडीतून फक्त जेवायला उठत होते, त्यामुळे कोणाच्या लक्षात आलं नाही. मी मागितला तर म्हणाले, "टोपी चांगली शे, पन कान उघडा राहतस." देत नाहीत.

२६ जानेवारी
झेंडावंदन करून शांतीलाल थेट इकडे आला. मोटारीसमोर वाकला. डावीकडून वाकला, उजवीकडून वाकला. तोंड दिसेना. मी म्हटलं, ऊन चुकीच्या बाजूला आहे. तो म्हणाला, ऊन सगळ्या बाजूला आहे.
जाताना सांगून गेला की सारंगखेड्याच्या जालमसिंगची घोडी ठरवलीय. नाव पद्मा. "फक्त आसू द्या म्हनीसन."
मी हसलो. आत मात्र फार लागलं. लग्नात मंगलाच्या माहेरचा सगळा गोतावळा येणार, आणि मी ज्या मोटारीच्या गप्पा आठ महिने मारल्या ती म्हणे घोडीपुढे हरणार. तिथे मान खाली घालून जेवायला बसणं मला जमणार नाही.

२९ जानेवारी, रविवार
विजय!!
आबांना नवी कानटोपी दिली आणि तवा सोडवला. त्याला त्यांच्या डोक्याचं तेल पुष्कळ लागलं होतं. वेळ कमी होता, तसाच वापरला. एकच दार शिल्लक होतं, मागचं डावं.
संध्याकाळी थिएटरचा खेळ सुरू झाला की गावातल्या विजेचा जोर जातो. बल्ब पिवळा पडतो. यंत्रही आज पिवळंच पडलं होतं. हळूहळू, कण्हत कण्हत फिरत होतं. मला दयाच आली. पण मी दारावरून फिरवत राहिलो, आणि दाराचं लोखंड उघडं पडेना. काळंच राहिलं, उलट आणखी काळं झालं, आणि एकदम त्यात बल्ब दिसला. मग मी दिसलो!
मंगलाला हाक मारली. ती आली, बघितलं, आणि दारात बघून कुंकू सारखं केलं. लग्नाला सतरा वर्षं झाली, इतका आनंद मला क्वचित झाला असेल.
निष्कर्ष : हात बसला. एवढं जोरदार यंत्र इतकं हळू चालवणं हे नवशिक्याचं काम नव्हे.

४ फेब्रुवारी
बाकीची मोटार राहिली. हरकत नाही. योजना अशी : मोटार मांडवाच्या अलीकडे, रस्त्याला आडवी, डावं मागचं दार वरातीकडे करून उभी करायची. बाकी सगळीकडे आंब्याचे डहाळे बांधायचे. वरात येईल. शांतीलालला दारात तोंड दिसेल. नथ्थू घोडीवरून उतरून मोटारीत बसेल. मांडव तिथून दिसतोच, पण अंतराचा प्रश्न नाही.
आबांनी नवी कानटोपी परत केली. टोचते म्हणे. जुनी, म्हणजे लोकरीचा तवा, पुन्हा घेऊन गेले. माझं काम झालंय, घेऊ देत.

५ फेब्रुवारी, रविवार. लग्न.
वरात आली. बँड, मशाली, मध्ये पद्मावर नथ्थू. पांढरी घोडी, दिसायला बरी. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. शांतीलाल पुढे होता, पण तो पाहुण्यांना नमस्कार करत बाजूला गेला, आणि दारापाशी त्याच्या आधी पद्मा पोचली.
तिने दारात बघितलं.
दारातून एक पांढरी घोडी तिच्याकडे बघत होती. पद्माने कान मागे टाकले. तिनेही टाकले. पद्मा खिंकाळली, गर्रकन फिरली आणि मागच्या दोन्ही पायांनी दाराला लाथा दिल्या. नथ्थू तलवारीसकट उडून मोटारीच्या टपावर, डहाळ्यांत. पद्मा बँडमधून निघून गेली.
जालमसिंग लगाम शोधत म्हणत होता, "मन्ही घोडी कधी आशी करस नही. तिले दुसरी घोडी दिखनी!"
हे मी चारचौघांना पुन्हा म्हणायला लावलं. साक्ष म्हणजे साक्ष. शांतीलालला म्हटलं, तोंड दिसलं की नाही? तो म्हणाला, घोडीचं. मी म्हटलं, निदान तिचं तरी.
नथ्थूला खाली उतरवला. लागलं नव्हतं, फेटा सुटून लांब झाला होता. मी मोटारीचं दार उघडायला गेलो. उघडेना, आत गेलं होतं. बाकीची दारं डहाळ्यांनी बांधलेली. गाठ सोडतो म्हटलं तर त्याने माझे हात धरले. "फुवा, मी पायी जास."
आमच्या गोतावळ्यात पायी मांडवात गेलेला पहिला नवरदेव. पहिला, एवढं तरी खरं.
पंगतीत मान खाली घालून जेवलो. जिलबी चांगली होती असं ऐकलं.

७ फेब्रुवारी
मोटार अंगणात. यंत्र खाटेखाली. मंगला बोलत नाही.
सकाळी दारासमोर बसलो. लाथेने खोल खड्डा पडलाय, पण पॉलिशला धक्का नाही. खड्ड्यात माझं तोंड स्वच्छ दिसतं. उलटं दिसतं, डोकं खाली आणि हनुवटी वर. पण शांतीलालची अट तोंड दिसण्याची होती. सुलटं दिसलं पाहिजे असं तो म्हणाला नव्हता.
मंगलाला दाखवायला हाक मारली. आली नाही. शांतीलालला निरोप पाठवला. तोही आला नाही.
आबा आले. लोकरीचा तवा डोक्यावर होताच. खड्ड्यासमोर उभे राहिले, आत बघितलं, आणि म्हणाले, "टोपी उलटी शे."
मग त्यांनी ती काढली, उलटी करून घातली आणि समाधानाने उन्हात जाऊन बसले.

(यंत्र हळू फिरणारं घ्यायला हवं होतं. हे कुठे बोलायचं नाही.)