चॉकलेटी चुडा

प्रिय वैजू,

परवा फोनवर तू विचारलंस, "आप्पा, पोराच्या डोक्यात हे काय शिरलंय?" आणि मी आवाज येत नाही म्हणून फोन ठेवला. आवाज चांगला खणखणीत येत होता. शिट्टी ऐकली की ताटावरून उठून इंजिन बघायला पळणारा आपला ओम अचानक म्हणतो, मला गाडी चालवायची नाही, रेल्वेची ती परीक्षाच द्यायची नाही. शेखररावांनी त्याच्याशी बोलणं टाकलंय. तिकडे मनमाडला तुम्ही दोघं तळमळताय, इकडे नाशकात तो माझ्यासमोर मान खाली घालून पोहे चिवडतोय, आणि मध्ये मी. काही सुचत नाही गं. लिहिताना निदान एका ओळीमागून दुसरी ओळ येते, डोक्यात तर सगळ्या एकदम येतात.

सुरुवात त्या परीक्षेच्या जीवशास्त्रापासूनच करायला हवी. तुला माहीत आहे, संध्याकाळी मी पुस्तक धरायचं आणि त्यानं उत्तरं द्यायची, अशी आमची वाटणी. शेजारची सायलीही येऊन बसते, ती तलाठ्याच्या परीक्षेची तयारी करतेय. मी चौथी शिकलेला माणूस. जे काही आलं ते छापखान्यात खिळे जुळवता जुळवता वाचून आलं. पण या पुस्तकानं माझी भंबेरी उडवली. वटवाघूळ उडतं, पण पक्षी नाही. देवमासा जन्मभर पाण्यात, तरी मासा नाही. बटाटा मातीखाली वाढतो, पण ते खोड, आणि त्याच्या शेजारचं रताळं मात्र मूळ. कांद्याचं तर विचारूच नकोस. एका पुस्तकात तो खोड, दुसऱ्यात म्हणे आपण खातो ती त्याची पानं. तुझ्या आईला विचारलं तर म्हणाली, "खोड असो नाहीतर पान, चिरताना रडायचं मलाच आहे." ओम मात्र अडखळायचा नाही. पित्त कुठे तयार होतं? यकृतात. साठतं कुठे? पित्ताशयात. उत्तरं त्याची आणि छाती माझी फुगायची.

मग डोळ्याचा धडा आला. काही जणांना लाल आणि हिरव्यातला फरक कळत नाही, असं त्यात होतं. सायलीनं मोबाईलवर रंगीत ठिपक्यांचं एक वर्तुळ काढलं. "आजोबा, सांगा बरं आत कोणता आकडा आहे?" मी चष्मा पुसला. ठिपके होते, चिक्कार होते, आकडा काही दिसेना. ओमला विचारलं, तर तोही म्हणाला, "ठिपकेच आहेत की नुसते." सायली हसायला लागली. "दोघं मिळून माझी खेचताय ना? केवढा मोठा आकडा आहे!" तुझ्या आईला हाक मारली. ती पदराला हात पुसत आली, दारातूनच आकडा सांगितला आणि कुकर लागलाय म्हणत आत गेली. तेव्हा सायलीचं हसू थांबलं.

मला मात्र अजूनही उमगलं नव्हतं. डोळा म्हटला की अ जीवनसत्त्व, एवढंच पाठ झालेलं. दुसऱ्या दिवसापासून मी पिशव्या भरून गाजरं आणू लागलो. सकाळी रस, दुपारी कोशिंबीर. ओम मुकाट्यानं खायचा. एक दिवस वाटी बाजूला सारून म्हणाला, "आजोबा, गाजरानं जायचं नाही हे. जन्मतःच असतं." मग आम्ही दोघं डोळ्यांच्या डॉक्टरांकडे जाऊन शेजारी शेजारी बसलो. बाकी नजर दोघांचीही उत्तम. पण तो रंगाचा दोष दोघांनाही आहे, आणि इंजिन चालवायच्या नोकरीला तो चालत नाही. लेखी परीक्षेत पहिला आला तरी तपासणीत अडणार. येताना मी आणि ओम रिक्षात बसलो. सिग्नलला रिक्षा थांबली तेव्हा मी विचारलं, "तुला कसं कळतं रे थांबायचं?" म्हणाला, "वरचा दिवा लागला की." वैजू, मीही आयुष्यभर तेच करत आलो. मला वाटायचं, सगळेच तसं करतात.

तेव्हापासून माझा नुसता गोंधळ चाललाय. सत्तरी ओलांडल्यावर माणसाला कळावं, की आपण ज्याला लाल म्हणत आलो ते लोकांचं लाल नव्हेच? छापखान्यात सगळं पांढऱ्यावर काळं, तिथे कधी अडलं नाही. घरी मात्र टोमॅटो आणायची मला बंदी, कारण निम्मे कच्चे निघायचे. आणि तुझा चुडा आठवतो का? कासारीण ऐनवेळी आजारी पडली म्हणून मी हौसेनं दहीपुलाकडच्या बाजारात गेलो आणि स्वतः निवडून बांगड्या आणल्या. पुडा सोडला तर सगळ्या चॉकलेटी. चांगुणामावशीनं भर मांडवात सुनावलं, "भाऊजी, चुडा हिरवा असतो हे लेकीच्या बापाला शिकवायचं का आता?" मी हसण्यावारी नेलं, पण त्या बांगड्यांत आणि मागून आणलेल्या हिरव्यांत काय वेगळं होतं, ते मला तेव्हाही कळलं नव्हतं.

आता ज्यासाठी पत्र घेऊन बसलो ते सांगतो. ओमनं माझ्याकडून शब्द घेतलाय, की फोनवर आईला यातलं काही सांगायचं नाही. पत्राबद्दल तो काही बोलला नव्हता. पुस्तकात लिहिलंय, हा दोष मुलाला आईकडून येतो. म्हणाला, "आई जन्मभर स्वतःला लावून घेईल. त्यापेक्षा पप्पांना मी आळशी वाटलेला बरा." अशी दोन वाक्यं बोलून पोरगं बापाचा अबोला सोसतंय. म्हणून हे नीट वाच, आणि शेखररावांनाही वाचून दाखव. हे माझ्याकडून आलंय. बाईकडे या गोष्टीचे दोन धागे असतात, पुरुषाकडे एकच. तुझा एक धागा माझा, सदोष. दुसरा तुझ्या आईचा, धड, म्हणून तुला सगळे रंग दिसले. ओमच्या वाट्याला त्यातला माझा आला. दीपक मुलगा, त्याला मी आडनाव दिलं, आणि तू मुलगी, तुला हे. यात तू काही केलेलं नाहीस, आणि मी तरी काय केलं? ज्या नोकरीत रंगाचं काम पडत नाही, तिच्या परीक्षा तो याच अभ्यासावर देईल. त्याची मला काळजी नाही. रविवारी त्याला घरी पाठवतोय. तो काही बोलायच्या आत तूच त्याला चुड्याची गोष्ट सांग. मावशी बांगड्या परत करायला निघाली, तेव्हा तू तिच्या हातातून दोन काढून घेतल्यास आणि हिरव्या चुड्याच्या मधोमध घालून बोहल्यावर उभी राहिलीस. अक्षता टाकताना मी तुझ्या हातांकडेच बघत होतो गं. माझ्या दोन कोणत्या, ते मला शेवटपर्यंत ओळखता आलं नाही.

तुझाच,
आप्पा