कमरेचा वाटा

सवाई बेट, सामोआ

चि. टाविता,

लहानपणी बैल कापला की वाटप करणाऱ्याची आरोळी घुमायची, "कमरेचा वाटा सरदारांना!" बाबांच्या मानाची ती आरोळी मला अजून शाळेतल्या कवितेसारखी ऐकू येते.

बाबांनंतर सरदारकी माझ्याकडे आली. तुझ्या लेकीच्या लग्नात तोच वाटा मी परत पाठवला आणि तू बोलणं टाकलंस. अपमान नव्हता रे. माझी मूत्रपिंडं थकलीत. तळहातावर मावेल एवढंच बिनमिठाचं मांस चालतं. सरदार आजारी आहे, हे सांगायची लाज वाटली.

तुझी वहिनी म्हणते, "घेऊन मला वाढला असतात, तर काय बिघडलं असतं?"

तुझा थोरला,
इओआने

ता. क. पत्र टाकायला उठलो, तर दारात तूच. हातात केळीच्या पानात इवलासा तुकडा. म्हणालास, "वहिनीनं सांगितलं. कमरेचाच आहे, दादा. मीठ नाही घातलं."