गुडघ्याची साक्ष

ती. वन्संना,

पायांवर डोकं ठेवते (मनातल्या मनात; प्रत्यक्षात कंबर हल्ली मला तुमच्या पदरापर्यंतच वाकू देईल). तब्येत कशी आहे? खोकला गेला का, की अजून लांबच्या पाहुण्यासारखा ‘निघतो, निघतो’ म्हणत बसूनच आहे? इकडे मी ठीक. तुमचे बंधूही ठीक, आणि सध्या बाहेर त्यांचा असा काही मानमरातब चालला आहे की घरात स्वतःचा चहाचा कप उचलणंही त्यांना कमीपणाचं वाटू लागलं आहे. तेच सांगायला बसले आहे. चष्मा पुसून घ्या, पत्र लांबणार.

आमच्या गल्लीच्या टोकाला सायकल दुरुस्तीचं दुकान आहे, त्याच्या वरच्या मजल्यावर वाचनालय. विद्यापीठ, पलीकडची शाळा आणि हे वाचनालय अशा तिघांनी मिळून तिथे एक संशोधन सुरू केलं आहे. इथल्या मुलांच्या घरी एक भाषा, गल्लीत दुसरी, शाळेत तिसरी आणि हातातल्या फोनवर चौथी. अशी मुलं वाचायला कशी शिकतात, ते त्यांना बघायचं आहे. त्यासाठी मुलांनी आमच्यासारख्या रिकाम्या म्हाताऱ्या माणसांना मोठ्याने वाचून दाखवायचं, मध्ये टॅबलेट ठेवायचा (पाटीएवढा असतो, फक्त ओल्या फडक्याने पुसलेला चालत नाही, मी पुसून पाहिला), आणि कोण न थांबता किती वाचतं ते त्याने टिपायचं. वाचनालयाच्या बाईंनी विचारल्याबरोबर मी हो म्हटलं. आमच्या कॉन्व्हेंटात मदर ओळीखाली पट्टी धरून वाचून घेत. अडखळलं की पट्टी ओळीवरून उठे ती थेट बोटांवर उतरे. म्हटलं, ऐकण्याचं काम आपल्याइतकं कोणाला जमणार? तुमच्या बंधूंना नेलं ते केवळ पिशवी धरायला, आणि घरी एकटे ठेवले तर दूध उतू घालवतात म्हणून.

तर मी ताठ बसून ऐकू लागले. मुलांचा प्रत्येक चुकलेला शब्द सुधारला. प्रेमाने, पण सुधारला. तुमचे बंधू खिडकीजवळच्या वेताच्या खुर्चीत टेकले आणि मुलाने पहिलं पान उलटायच्या आत त्यांचा डोळा लागला. पंधरवड्याने विद्यापीठाची संशोधक मुलगी (काडीसारखी बारीक, भुवया सदोदित कपाळावर चढलेल्या) टॅबलेट बघून म्हणाली, “काकू, रागावू नका हं. तुमच्याजवळ मुलं सगळ्यात कमी वाचतात.” मग सगळ्यात जास्त कोणाजवळ, असं विचारलं तर तिने नुसतं खिडकीकडे पाहिलं. वन्सं, तुमच्या बंधूंच्या खुर्चीपुढे मुलांची रांग लागते. रांगेतल्या एकाला मी म्हटलं, अरे, माझ्याकडे ये, मी मोकळी बसले आहे. तर म्हणतो, “नको आजी, तुम्ही ऐकता.”

आणि यावर कडी म्हणजे, टॅबलेटने तुमच्या बंधूंच्या घोरण्याला ‘सलग वाचन, उत्तम’ असा शेरा दिला. इतक्या वर्षांच्या संसारात त्या आवाजाला उत्तम म्हणणारं हे पहिलंच कोणी भेटलं. ते शेरा सगळ्यांना दाखवत फिरतात.

हसलात ना? आता जरा गंभीर ऐका. इथे एक मुलगी आहे. वर्षाच्या मध्येच आईबरोबर लांबून आली. आई कोपऱ्यावरच्या इस्त्रीच्या दुकानात काम करते. मुलगी शाळेत तोंड उघडत नाही. ‘हिला वाचता येत नाही’ असं ठरवून मुख्याध्यापक महिनाअखेरीला तिला दोन इयत्ता खाली, चिमुरड्यांच्या वर्गात बसवणार आहेत. माझ्यासमोर ती एकदाच बसली. मी पहिलाच शब्द सुधारला, आणि तिने पुस्तक असं हलकेच मिटलं की मला ओरडलेलं परवडलं असतं. मग ती खिडकीकडे गेली आणि रोज जाऊ लागली. टॅबलेट तिच्या नावापुढे रोज ‘मौन’ लिहितो. मी कपाटामागे उभी राहून कान दिला (आडून ऐकू नये असं मदर सांगत, पण मदरना आता कोण कळवतंय), तर मौन कुठलं, पोरगी अखंड बोलत होती. पुस्तक आपल्या भाषेतलं, बोट ओळीखालून सरकत होतं, पान वेळेवर उलटत होतं, आणि तोंडाने ती सांगत होती स्वतःच्या भाषेत. ती भाषा टॅबलेटला कोणी शिकवलेलीच नाही. म्हणजे त्याला तुमच्या बंधूंचं घोरणं कळलं, पण त्या लेकराचं बोलणं कळलं नाही.

संशोधक मुलगी म्हणाली, चित्रं बघून गोष्ट रचत असेल. मुख्याध्यापकही तेच म्हणाले. मग परवा काय झालं, तिने आपणहून तुमच्या बंधूंच्या सदऱ्याच्या खिशातून एक कागद ओढला. गुडघ्याच्या मलमाबरोबर येतो ना, आपल्या भाषेतला, मुंगीएवढ्या अक्षरांचा, तो. त्यात चित्र नावालाही नाही. तो तिने वरपासून खालपर्यंत तिच्या भाषेत वाचून दाखवला, मोठ्या डॉक्टरीणबाईंसारखा, मध्येच त्यांच्यापुढे बोट नाचवून दटावलंसुद्धा. तुमचे बंधू अर्थात गाढ झोपेत.

कपाटामागे उभी असताना मला तुमचं स्वयंपाकघर आठवलं. नवी नवरी होते, कॉन्व्हेंटातली. जोडाक्षर आलं की माझी गाडी थांबायची. तुम्ही पुस्तक हातात देऊन म्हणायचात, “वाच गं, मला ऐकायला सवड नाही, पण तू वाच,” आणि पाठ करून भाजी चिरायला बसायचात. एकदाही वळला नाहीत. इतकी वर्षं मी समजत होते की तुमचं लक्ष नसायचं.

आता मीही मुलांकडे पाठ करून बसते आणि लोकर विणते. काल रांगेतून फुटून एकजण आला. त्याने एका पानात पाच शब्द चुकवले, मी जीभ दाताखाली धरली, विणकामाचे दोन टाके सुटले, पण तो गोष्ट संपवूनच उठला. वर विचारतो, “उद्या पण पाठ करून बसाल ना?”

तुम्ही जपून असा. सगळ्यांना आशीर्वाद.

तुमची
धाकटी भावजय

ता. क. – खरं काम राहिलंच. त्या मुलीची भाषा म्हणजे भाऊजींची बदली झाली तेव्हा तुम्ही दोघं जिथे राहिलात, त्या गावची. मी ती ओळखली, कारण राग आला की तुम्ही अजून तिच्यात शिरता. टॅबलेटमध्ये तिचं वाचन आवाजासकट उतरलं आहे, ते तुमच्या नातवाच्या फोनवर पाठवलं आहे, आणि मलमाचा कागद सोबत जोडते. दोन्ही ताडून पाहा आणि जुळतं का ते लिहून कळवा. भीड नको, खरं असेल तेच लिहा. मुख्याध्यापक म्हणाले, भाषा जाणणारं माणूस दाखवा, मी थांबतो. माणूस वाईट नाहीत. आजवर त्यांना कोणी दाखवलं नव्हतं, एवढंच.

ता. क. २ – आणि लिहिण्यापेक्षा स्वतःच का येत नाही? खिडकीजवळ दुसऱ्या खुर्चीला जागा आहे. भाजी मी आणून देईन, तुम्ही पाठ करून चिरत बसा.

ता. क. ३ – पाकीट चिकटवणार, एवढ्यात एक झालं. अंघोळीनंतर मी मलम पुढे केलं, तर तुमचे बंधू म्हणाले, गरम पाण्यानंतर लगेच लावायचं नाही, आणि रगडायचं तर मुळीच नाही, नुसतं पसरायचं. (गेले तीन महिने कणीक तिंबावी तसं रगडत होते.) कोणी सांगितलं, विचारलं. “त्या पोरीने.” तुम्हाला तिची भाषा कळते? “भाषा कशाला? तिने करून दाखवलं.” पण तुम्ही झोपला होतात. “एक डोळा किलकिला होता. पुरते उघडले की मुलं बुजतात.” आणि ते घोरणं? “ते खरं.” मी कागद पाकिटातून काढून वाचला. दोन्ही सूचना जशाच्या तशा आहेत. काल त्यांनी गुपचूप तसंच लावलं म्हणे, आणि गुडघाही कालपासून कमी कुरकुरतो. पण मुख्याध्यापक गुडघ्याची साक्ष धरणार नाहीत, म्हणून वन्सं, तुमचा कान हवा.