व्याहीबुवांच्या मागणीवरून कवळीवाल्याचा परिचय

श्री. व्याहीबुवा यांस (अजून झाला नाहीत, पण पाकिटावर ‘होऊ घातलेले’ असं लिहिलं तर पोस्टमन वाचून हसतो) साष्टांग नाही तरी कमरेपर्यंत वाकून नमस्कार.

आपण सगळे खुशाल असाल. विहीणबाईंचा गुडघा आता जिन्याला घाबरत नसेल. इकडे सगळं ठीक आहे. माझी मांडी अजून थोडी लाल आहे, पण मलम चालू आहे आणि ती काही चारचौघांत दाखवायची वस्तू नव्हे. आपण चिरंजीवांच्या हाती पाठवलेली चिठ्ठी मिळाली. ‘मुलीच्या वडिलांनी आपले काम, स्वभाव व छंद यांविषयी लेखी माहिती द्यावी, म्हणजे पुढील विचार करता येईल,’ असा मजकूर आहे. रविवारी आमच्या घरी जे घडलं त्यानंतर ही मागणी अगदी रास्त आहे. भर बैठकीत स्वतःच्या मांडीवर चहा ओतून घेऊन स्टुलासकट आडवा होणारा माणूस कोण आहे, काय आहे, हे पाहुण्यांना कळायला हवं. फक्त एक विनंती. आपण आलेलं प्रत्येक पत्र घरच्यांना बसवून मोठ्याने वाचून दाखवता, असं चिरंजीव सांगत होते. हे पत्र तेवढं आधी एकट्याने वाचावं, शक्य तर गच्चीवर जाऊन. कारण पुढे येईलच.

आधी काम. मी कवळ्या बनवतो. आमच्या डॉक्टरांचा दवाखाना दर्शनी भागात आहे, तिथे गार हवा, मासे पोहणारी काचेची पेटी आणि दात चमकवणाऱ्या बाईचं चित्र आहे. त्यामागे औषधांच्या खोक्यांची खोली, त्यामागे नळ, आणि नळाच्या मागे मी. डॉक्टर रोग्याच्या तोंडाचं माप घेतात, ते माझ्याकडे येतं, मी त्यावरून प्लास्टरचा साचा पाडतो, गुलाबी मेणात एकेक दात बसवतो आणि पुढची सगळी उस्तवार करून कवळी डॉक्टरांच्या टेबलावर ठेवतो. कवळी छान बसली की रोगी म्हणतो, डॉक्टरांच्या हाताला यश आहे. टोचली की डॉक्टर म्हणतात, आमचा मागचा माणूस जरा तसाच आहे. तो तसाच असलेला माणूस मी. रोग्याने मला पाहिलेलं नसतं आणि मी रोग्याला पाहिलेलं नसतं, फक्त त्याचं तोंड माझ्या फळीवर असतं. दात कोरून पोट भरत नाही, असं लोक म्हणतात. आमच्या घरी तीन माणसांचं पोट इतकी वर्षं दात कोरूनच भरलं, त्यामुळे त्या म्हणीवर माझा फारसा विश्वास नाही.

या कामात माझी एक खोड आहे. ओळीने एकसारखे दात लावले की ते खोटे दिसतात, कुंपणाच्या फळ्यांसारखे. म्हणून मी वरचा डावा सुळा किंचित आत वळवून लावतो. डॉक्टरांनी दोनदा हटकलं, मी दोनदा हो म्हटलं आणि तसाच वळवत राहिलो. (स्वभाव या सदरात हे ‘हट्टी’ असं टिपून घ्यावं, म्हणजे तिथे वेगळं लिहायला नको.)

स्वभावाचं म्हणाल तर बोलताना मी समोरच्याच्या डोळ्यांकडे बघत नाही, तोंडाकडे बघतो. धंद्याची सवय. लग्नाआधी आमची पहिली भेट झाली, तेव्हा हिला वाटलं की मला ऐकू कमी येतं आणि मी ओठांवरून समजून घेतो. ती दयेपोटी मोठ्याने बोलू लागली. आता तिला खरं काय ते माहीत आहे, पण आवाज काही खाली आलेला नाही, आणि दयाही तेव्हाच संपली. या सवयीपायी एका शेजारणीच्या नवऱ्याने मला जिन्यात अडवून माझा हेतू विचारला होता. मी खरं सांगितलं, की वहिनींची खालची दाढ हलतेय. त्यावर तो आणखी भडकला. स्वतः मी डॉक्टरांच्या खुर्चीला भयंकर घाबरतो. माझी उजवी दाढ किडून तिची नुसती भिंत उरली आहे, पण ‘दुखतं का’ असं डॉक्टरांनी विचारलं की मी दुसऱ्याच गोष्टी काढतो. हलवायाच्या घरची पोरं मिठाईला विटलेली असतात म्हणे. मी विटलेलो नाही, नुसता भ्यालेलो आहे.

छंद दोन. पहिला, पुढाऱ्यांची भाषणं टीव्हीवर आवाज बंद करून बघणं. आवाज असला की माणूस फसतो. आवाज नसला की खायचे दात कुठले आणि दाखवायचे कुठले हे स्पष्ट दिसतं. दुसरा छंद म्हणजे सुट्टीच्या दिवशी बागेत, शेंगदाणे विकणाऱ्याच्या समोरच्या बाकावर बसणं. लोक दाणे कुठल्या बाजूने चावतात यावरून त्यांचं घरात किती चालतं ते मला सांगता येतं. (हे शास्त्र नाही. हिच्या मते हा रिकामटेकडेपणा आहे.) तिसरा छंद म्हणून मुलीचा अभिमान बाळगणं लिहिणार होतो, पण तो छंद नसून व्यसन आहे.

आता रविवार. त्या दिवशी आपण आमच्या बैठकीतल्या एकुलत्या एका चांगल्या खुर्चीत, पंख्याखाली, पाय लांब करून बसला होता. विहीणबाई आणि ही पलंगावर, मुलं दाराशी उभी, आणि मी स्टुलावर. आपण बोलायला सुरुवात केलीत. वजनमापं तपासणाऱ्या खात्यात आपली हयात कशी गेली, किती दुकानदारांची खोटी वजनं आपण नुसती हातात तोलून पकडलीत, हे मी मन लावून ऐकत होतो, म्हणजे आपल्या तोंडाकडे बघत होतो. मग आपण विषयाला हात घातलात. आमची मुलगी अग्निशमन दलात आहे हे आपल्याला खटकतं. सुनेने शिडीवर चढू नये, बंबावर लटकू नये, तिथलंच एखादं बसायचं काम मागून घ्यावं, असं आपण म्हणालात. चिरंजीव हळूच म्हणाले, “बाबा, बेकरीची भट्टी पेटली तेव्हा तिनेच मला खांद्यावर टाकून बाहेर काढलं. ती बसायचं काम करत असती तर मी आज इथे उभा नसतो.” त्यावर आपण जे वाक्य बोललात ते माझ्या कानांत अजून आहे. “उपकार वेगळे आणि घराणं वेगळं. आमच्या घरात सगळं अस्सल लागतं.”

आणि अस्सलपणाचा दाखला म्हणून आपण दातांचा विषय काढलात. मी आपल्या तोंडाकडे टक लावून बसलो होतो, त्यामुळे आपल्याला तो सुचला असावा. आपल्या घराण्यात सत्तरी उलटली तरी कुणाचा दात पडलेला नाही, म्हणालात. विहीणबाईंनी खाली बघितलं. आपण हसलात आणि पंख्याखालच्या दिव्याच्या उजेडात मला वरचा डावा सुळा दिसला. किंचित आत वळलेला.

व्याहीबुवा, मी कुणाला कधी ओळख दिलेली नाही. बाजारात, बँकेत, अगदी मयतालासुद्धा माझ्या हातचे दात मला भेटतात, मी मान खाली घालून पुढे जातो. त्या दिवशीही गेलो असतो, पण मी स्टुलावर होतो आणि जायला जागा नव्हती. इतक्यात आपण चिरंजीवांनी भाजून आणलेल्या बिस्किटांच्या डब्यात हात घातलात. बिचारा भेटीच्या धास्तीने भट्टीसमोर उभा राहून भलताच विचार करत बसला होता, त्यामुळे ती बिस्किटं दगडापेक्षा एक पायरीच खाली होती. “हे बघा,” असं म्हणून आपण त्यातलं सगळ्यात जाड निवडलंत आणि पुढच्या दातांनी चावलंत. वरच्या कवळीला पुढून जोर दिला की ती मागून सुटते. हे डॉक्टर प्रत्येकाला समजावून सांगतात आणि प्रत्येक जण मान हलवून घरी जातो.

ती सुटली. बिस्किटाला दात आले. आपण तोंड मिटायचा प्रयत्न करत होता आणि मिटत नव्हतं, आपले डोळे मोठे झाले, आणि त्या डोळ्यांत मला वजनमापांचा निरीक्षक दिसला नाही. भर वर्गात चड्डीची नाडी सुटलेलं पोर दिसलं. माझी मुलगी बशी द्यायला आपल्याकडे वळतच होती. आणखी एका क्षणाने सगळ्यांनी पाहिलं असतं. मला दुसरं काही सुचलं नाही. मी कपातला चहा (ताजा, उकळता, हिच्या हातचा) मांडीवर पालथा घातला आणि स्टुलासकट मागे गेलो. कपाटावरचं घड्याळही सोबत आलं. सगळी माणसं माझ्याकडे धावली. मुलगी तर कामावरची सवय म्हणून थेट बादली घेऊन आली आणि माझ्यावर रिकामी केली. जमिनीवर पडल्या पडल्या मला या सगळ्यांच्या पायांमधून आपण दिसत होता. आपण खिडकीकडे तोंड करून, रुमालाआड, सगळं जागच्या जागी बसवलंत आणि सावकाश वळलात. मग त्या दुरुस्त तोंडाने आपण पहिलं वाक्य बोललात, ते माझ्या बायकोला. “यांना हे नेहमी होतं का?”

तर हा झाला माझा परिचय. नेहमी होत नाही.

पत्र फार लांबलं. लहान तोंडी मोठा घास घेतला असेल तर क्षमा असावी. विहीणबाईंना नमस्कार, चिरंजीवांना आशीर्वाद, बिस्किटांना दुरून नमस्कार.

आपला,
मुलीचा बाप

ता. क. आपली कवळी सैल झाली आहे. त्यात कुणाचा दोष नाही, दात गेले की हिरड्या आटत जातात. आतून नवं अस्तर भरून देईन, घट्ट बसेल. दवाखान्याच्या दाराने येऊ नये, तिथे ओळखीचे बसलेले असतात. मागच्या गल्लीत नळाशेजारचं हिरवं दार माझं. कवळी एक दिवस माझ्याकडे राहील, त्या दिवशी आपण मौन धरलंय असं घरी सांगावं. घरच्यांना बरंच वाटेल. मुलीच्या शिडीचाही त्या दिवशी शांतपणे फेरविचार करावा. या दोन गोष्टींचा एकमेकींशी काहीही संबंध नाही. कागद संपत आला म्हणून एकाच ठिकाणी लिहिल्या.

ता. ता. क. पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात मुलगी आणि आपले चिरंजीव आले आणि दोघं माझ्या पाया पडली. मी म्हटलं, अजून वेळ आहे, व्याहीबुवांचा ‘पुढील विचार’ बाकी आहे. तर म्हणे महिन्यापूर्वीच नोटीस दिली होती, आज सकाळी नोंदणी कचेरीत जाऊन सह्या करून आलो. साक्षीदार कोण, असं विचारलं तर माझी बायको, विहीणबाई आणि बंबाचा ड्रायव्हर. हिला जाब विचारला तेव्हा ही म्हणाली, “तुम्ही परिचय लिहीत होता, व्याही तो वाचणार होते. तेवढ्यात आम्ही उरकून घेतलं.” पाया पडून मुलगी सरळ कामावर गेली, कुठल्याशा गोदामाला आग लागली होती. विहीणबाई संध्याकाळपर्यंत आपल्याला सांगणार आहेत, पण शब्द जुळवत बसल्या आहेत असं कळतं, म्हणून हे पत्र पोस्टात न टाकता चिरंजीवांच्याच हाती देतो, ते आधी पोचेल. तेव्हा आता आपण खरेच व्याही झालो. सबंध लग्नात आमंत्रण नसलेली माणसं दोनच, आपण आणि मी. म्हणून म्हणतो, उद्या दुपारी हिरव्या दाराने याच. चहा मी करीन, आणि त्यासोबत खायला काहीही ठेवणार नाही.