फळ्यावरची चूक आणि कलम चार

मी, माध्यमिक शाळेत बावीस वर्षे संगणक शिकवणारी, वय सेहेचाळीस, अविवाहित, हे मृत्युपत्र कोणी भरीस न घालता माझ्या हाताने लिहीत आहे. डोके ठिकाणावर आहे. झोप तेवढी नाही. मंगळवारी माझी शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर तिला किरकोळ म्हणतात, पण टेबलावर ते झोपणार नाहीत.

कलम १. राहत्या घरातला माझा अर्धा हिस्सा आणि बँकेतली ठेव दादाला. वहिनी म्हणेल, आम्हाला काय करायचंय. तिचे ऐकू नये.

कलम २. लॅपटॉप पुतणीला. त्यातली रोजनिशी न वाचता पुसावी. ती वाचणारच, निदान आईला सांगू नये.

कलम ३. गणिताच्या सरांनी सहा वर्षांपूर्वी "तासाभरात आणून देतो" म्हणून नेलेला एक्स्टेंशन बोर्ड त्यांच्याकडेच राहू द्यावा. तो माझा आहे, एवढे त्यांना लेखी कळवावे. हे कलम क्षुद्र आहे का, यावर दोन दिवस घालवले. ठेवते.

कलम ४. चौकातल्या चष्म्याच्या दुकानात काम करणाऱ्या माझ्या माजी विद्यार्थिनीला सोबतचे बंद पाकीट द्यावे. ती नववीत असताना मी चाळीस मुलांच्या गुणांची सरासरी काढणारा प्रोग्रॅम लिहायला दिला होता. तिच्या आणि शेजारणीच्या वहीत एकच चूक निघाली: मोजणी एक्केचाळिसाव्या मुलापर्यंत जात होती, आणि असा मुलगा वर्गात नव्हताच. चूक सारखी म्हणजे नक्कल, हा माझा नियम. शेजारीण घाबरून कबूल झाली. ही म्हणाली, "बाई, मी फळ्यावरचंच लिहिलंय." मला ते उर्मट वाटले. शून्य दिले, दहावीला विषय बदलायला लावला. गेल्या वर्षी कपाट आवरताना माझी त्या वर्षीची टिपणवही सापडली. फळ्यावर मी त्यातूनच लिहीत असे. चूक माझ्याच अक्षरात होती. बाकी वर्गाने पुस्तकातून उतरवले होते; त्यांना मी पैकीच्या पैकी दिले होते.

त्यानंतर दोनदा त्या दुकानात गेले. तिने चष्मा नाकावर बसवून दिला, अजून शिकवता का म्हणून विचारले. मी हो म्हणाले आणि पावती घेऊन बाहेर पडले.

दुरुस्ती. सहीपूर्वी ग्रंथपालबाईंनी हे सगळे वाचले. साक्षीदाराने मजकूर वाचायची गरज नसते, असे मी सांगून पाहिले. त्यांनी पेन खाली ठेवले.

"अगं, म्हणजे तू गेल्यावर तिला कळणार. मग तिनं भांडायचं कोणाशी?"

मी शस्त्रक्रियेचे, तपासण्यांचे, राहिलेल्या पेपरांचे सांगितले. त्या म्हणाल्या, "मंगळवारला अजून तीन दिवस आहेत."

सबब कलम ४ रद्द. पाकीट मी फाडले आहे, टिपणवही सोबत नेत आहे. ती काय बोलेल, याची तजवीज कुठल्याच कलमात करता येत नाही.

साक्षीदार: १) शाळेच्या ग्रंथपालबाई (सही दुरुस्तीनंतर). २) प्रयोगशाळेचे शिपाईमामा. दोघांनाही या पत्राने काही मिळत नाही, याची खात्री केली आहे.

ठिकाण: शाळेचे ग्रंथालय. दिनांक: १२ जुलै २०२५, शनिवार, दुपारी पावणेएक. दुकान एक वाजता बंद होते, म्हणून सही घाईची आहे. पण माझीच आहे.