वस्तरा आरशाखाली ठेवला आहे

धाकट्या,

तुला उठवत नाही. मी नाताळच्या उपासनेला चर्चमध्ये जाते आहे.

तुझा वस्तरा माझ्या कुलूपबंद कपाटात चादरींखाली होता. तुझी बायको गेल्यावर तू साधं रेझर टाकून हा उघडा वस्तरा आणलास, आणि तू जिवाचं बरंवाईट करशील असं माझ्या मनाने घेतलं. तुला विचारायचं सोडून मी तो लपवला. वर काल जेवणाआधीच्या प्रार्थनेत, सगळ्यांदेखत, "प्रभू, याच्या हातून वस्तरा सोडवलास, तुझे उपकार," असं बोलून बसले. तू एवढंच म्हणालास, "ताई, पातं गालावर असतं तेवढा वेळच मला दुसरं काही आठवत नाही गं," आणि पानावरून उठलास.

रोज गुडघे टेकून आभार मानायचा माझा नेम कधी चुकला नाही. पण काल मी आभार मानले ते माझी भीती गेली म्हणून. देवाने तुला सकाळची थोडी उसंत दिली होती, खरे आभार त्या उसंतीबद्दल मानायचे होते. तीच मी कुलपात घातली. चुकलेच रे मी.

थर्मासमध्ये गरम पाणी आहे, कापलंच तर तुरटी फळीवर. चर्चला येणार असशील तर दोन्ही कल्ले सारखे कर, परवा एक कानाशी होता नि एक गालावर.

मी परतेन तेव्हा न्हाणीघराचं दार आतून लावलेलं असलं, तरी हाका मारणार नाही. भीती वाटेलच. ती प्रभूला सांगेन, तुला नाही.

ताई