पन्नासपैकी शून्य

सिस्टर,

एकोणीसशे चाळीस सालच्या मार्चमधला दुसरा मंगळवार, सकाळी सव्वादहा वाजता, भाईंदरच्या आपल्या कॉन्व्हेंटच्या स्वयंपाकघरात तुम्ही एका मुलीचा जर्मन निबंध चुलीत घातलात. वेळ मला पक्की आठवते, कारण दुसऱ्या तासाची घंटा होत होती आणि एरवी घंटेआधी वर्गाच्या दारात उभ्या असणाऱ्या तुम्ही चुलीपुढे ओणव्या होता. उपवासकाळ होता, चुलीवर पेज रटरटत होती. स्वयंपाकीण बाजूला सरकली आणि म्हणाली, "आज कोन नापास झाला, सिस्टर? भात काय असा कागदावर शिजतो?" तुम्हाला मराठी येत नव्हतं, म्हणून ती तुमच्या तोंडावर काहीही बोलायची. मी दारात उभी होते. निळी पेन्सिल माझ्या हातात तशीच होती.

मी तेव्हा बावीस वर्षांची, तुमचीच जुनी विद्यार्थिनी आणि नवी मदतनीस. तपासण्याची रीत तुम्ही मला घोटून शिकवली होती. आधी माझी निळी पेन्सिल, मग तुमची लाल. भाषांतरात प्रत्येक चुकीला अर्धा गुण वजा, त्यात दयामाया नाही. निबंध मात्र आधी मोठ्याने वाचायचा, आणि पहिल्या वाचनाला पेन्सिल हातात धरायची नाही. "आधी ऐक, मग पकड," असं तुम्ही म्हणायच्या. ही एकच उदार गोष्ट मी तुमच्यात पाहिली. बाकी तुम्ही कशा होता ते मी शाळेत असतानाच भोगलं होतं. एकदा भाषांतरात मी नुसत्या 'संध्याकाळ'ला 'सोनेरी' लावलं, तर तुम्ही सगळ्या वर्गापुढे वही उंच धरलीत. "लेखकाने दिलं नाही ते देणारी तू कोण? दान करायची हौस असेल तर चर्चच्या पायरीवर भिकारी बसलेत." मुली हसल्या. त्यानंतर मी कुणाच्याच 'संध्याकाळ'ला रंग लावला नाही.

त्या वर्षी वरच्या जर्मन परीक्षेच्या वर्गात चौघीच जणी होत्या. मुंबईला परीक्षेला बसायचं तर आपल्या चाचणीचे तपासलेले पेपर अर्जासोबत पाठवावे लागत. चौघींत ती एक खाडीकाठच्या तारोडी गावची, कोळ्याची मुलगी, बोर्डिंगात राहायची. शनिवारी घरी जाऊन यायची तेव्हा तिच्या फ्रॉकला सुक्या मासळीचा वास यायचा आणि बाकीच्या तिघी नाकाला रुमाल लावायच्या. तिचा बाप फाटकाशी येऊन मला सांगून गेला होता, "टीचर, यंदा पास झाली त शिकंल. न्हाय त टोपली उचलंल. बोटीला मानूस पायजे, घरला बाय पायजे." सगळं त्या एका चाचणीवर होतं. तिला ते माहीत होतं, मला माहीत होतं, आणि तुम्हालाही, कारण मीच तुम्हाला सांगितलं होतं.

निबंधाचा विषय तुम्ही दिलेला, 'माझ्या ओळखीची वाट'. तिघींनी चर्चची वाट लिहिली, कारण तपासणारी सिस्टर. वाटेवरची फुलंसुद्धा तिघींची एकच होती. तारोडीच्या मुलीने पाण्यावरची वाट लिहिली. बापाची होडी अंधारात खाडीत कशी शिरते ते. खडक कुठे लपलाय, वाळूचा उंचवटा कुठून सुरू होतो, भरतीच्या कुठल्या वेळी त्याच्यावरून जाता येतं, कुठे दोरीला दगड बांधून पाणी मोजतात. एक जागा मला अजून पाठ आहे: "माझे बाबा होडी डोळ्यांनी हाकत नाहीत, नाकाने हाकतात. सुकणाऱ्या बोंबलाचा वास आला की गाव आलं, आणि चिखलाचा वास आला की देवाचं नाव घ्यायचं." हे जर्मनमध्ये, सिस्टर, अठरा वर्षांच्या मुलीने. मी त्रेचाळीस गुण दिले. पन्नासपैकी चाळिसाच्या वर तुम्ही जन्मात कुणाला गुण दिले नव्हते, म्हणून पेपर तुमच्यापुढे ठेवण्याआधी मी बेरीज दोनदा केली होती.

तुम्ही वाचायला लागता. मोठ्याने, पेन्सिल बाजूला ठेवून. बोंबलाच्या वाक्याशी थांबता, तेच वाक्य पुन्हा वाचता, आणि तुमच्या ओठांचा एक कोपरा वर जातो. ते मी पाहिलं आहे. मग पान उलटता, आणि हळूहळू तुमचा आवाज बारीक होत जातो. शेवटचं पान तुम्ही मनातच वाचता. उठून खिडकी लावता.

युद्ध सुरू होऊन सहा महिने झाले होते. तुम्ही जर्मन, म्हणजे सरकारच्या लेखी शत्रू. दर आठवड्याला चौकीवर सही करायला जायच्या, आणि कॉन्व्हेंटमधून बाहेर जाणारा प्रत्येक कागद पोलीस आधी उघडायचे. त्या कागदांत हा निघाला असता: मुंबईच्या उशाशी असलेली खाडी, तिचे खडक, तिची खोली, तिच्या भरतीच्या वेळा, सगळं स्वच्छ जर्मनमध्ये आणि जर्मन बाईच्या कपाटातून. एवढं मलाही कळलं. तुम्ही म्हणालात, "हिच्या बापाला धरून नेतील." आणि चालू लागलात. मी मागून पळत आले तोवर कागद चुलीत होते आणि वर पेज उकळत होती.

इथपर्यंत मी तुमच्या बाजूची आहे. पुढचं मला आजही गिळता येत नाही. मी म्हणाले, तिला दुसरा विषय द्या, आत्ता बसवते, दुपारपर्यंत लिहून देईल. तुम्ही म्हणालात, "नाइन, नाही. बाकीच्या तिघींना दुसरी संधी मिळाली का? परीक्षा एकदाच होते." मग निदान भाषांतराचे गुण पाठवा. "पेपर दोन असतात, दोन्ही जावे लागतात." मग आजारी होती असं लिहा. तुम्ही माझ्याकडे असं पाहिलंत जणू मी वेदीवरची मेणबत्ती चोरली होती. "खोटं लिहू?" पेपर जाळणारी बाई खोटं लिहायला तयार नव्हती! पेपर नाही म्हणून गुण नाहीत, असा हिशेब करून तुम्ही यादीत तिच्या नावापुढे लाल पेन्सिलीने शून्य काढलंत, गोल, नेटकं, आणि यादी सूचनांच्या फळ्यावर लावलीत. युद्ध संपेपर्यंत यातलं अक्षरही बोलायचं नाही, असं वचन माझ्याकडून घेतलंत. ती मुलगी फळ्यापुढे उभी राहिली, मग माझ्याकडे आली. "टीचर, तू वाचला ना माजा पेपर?" मी म्हटलं, सिस्टरना विचार. तिने तुम्हाला विचारलं, आणि तुम्ही म्हणालात, "निकाल लागला आहे."

पावसाच्या तोंडावर तुम्हाला शत्रूदेशाच्या लोकांसाठीच्या छावणीत नेलं. पोलीस फाटकात उभे असताना तुम्ही ती लाल पेन्सिल माझ्या हातात दिलीत आणि म्हणालात, "आता तू." आशीर्वाद नाही, खुलासा नाही. युद्ध संपायच्या आधीच छावणीत तापाने तुम्ही गेलात. युद्ध संपलं तेव्हा मी तारोडीला गेले होते. तिच्या कडेवर मूल होतं आणि पुढ्यात मासळीची टोपली. मी तोंड उघडलं तशी ती म्हणाली, "मावरा घेवाचा त घे, टीचर. जर्मन नको." पापलेट घेऊन परत आले.

पुढे मी मुंबईत आयुष्यभर जर्मन शिकवलं, तुमच्या रीतीने पेपर तपासले. निवृत्त होऊन इकडे भाईंदरला परत आले तेव्हा मिठागरांच्या जागी इमारती उभ्या राहत होत्या. मीही त्यातल्याच एका खोलीत राहते आणि रविवारी तारोडीला जाते. ती आता खाटेवरून उठत नाही, दम लागतो. तिचा जुना राग राहिलेला नाही, तो परवडला असता. गेल्या रविवारी तिने आपण होऊन विचारलं, "मना खरा सांग, टीचर. माजा जर्मन एवडा वायट होता काय? झिरो कोन देतं गो? एक वाक्य तरी बरोबर असंल ना?"

मग मी सगळं सांगितलं. चूल, पेज, पोलीस, बोंबलाचं वाक्य. ती ऐकत राहिली आणि खोकत खोकत हसली. "सिस्टर कागद जाळंल? ती त पाकिटं उलटी करून त्याच्यावर लिवायची!" मी म्हटलं, देवाशपथ. तिने माझा हात थोपटला, मलाच समजूत घालावी तसा. "पेपर तुज्याकडून हरवला असंल त तसा सांग. मी काय शिव्या न्हाय देनार आता. पन बरं वाटावं म्हनून गोष्टी नको रचू. सिस्टरनं सांगितला असता त मानला असता. ती कवा खोटा बोलली न्हाय."

ऐकलंत? पन्नास वर्षं तिने तुमच्या शून्यावर विश्वास ठेवला, कारण ते तुमचं होतं. माझ्या त्रेचाळीसला तिच्याकडे किंमत नाही. मी खरं बोलते तर ती दया ठरते, आणि तुमचं शून्य मात्र खरं. यापुढे मी काय करायचं ते तुमच्या रीतीत कुठेच नाही.

काल मी एक गोष्ट केली. खणातून तुमची लाल पेन्सिल काढली. बोटभर उरली आहे. तुमचं अक्षर मला हुबेहूब येतं. जुना पिवळा कागद घेतला, तिचं नाव लिहिलं, निबंधाचा विषय लिहिला, आणि गुणांच्या जागी पेन्सिल टेकवली. तिच्या उशाशी नेऊन ठेवला असता, तिने मानला असता. पण आकडा निघेना. माझा आकडा मला माहीत आहे, तुमचा नाही. ओठांचा एक कोपरा वर गेला, त्याचे किती गुण? आणि सत्तरी उलटलेल्या मला माझ्याच खोलीत ऐकू आलं, लेखकाने दिलं नाही ते देणारी तू कोण. पेन्सिल खाली ठेवली. तुमची भीती मला अजून वाटते, हे लिहून देते.

तेव्हा आकडा तुम्हीच द्या. खुलासा नको, क्षमा तर नकोच. मराठी वाचायला तिकडे आपली स्वयंपाकीण भेटली तर तिची मदत घ्या. येत्या रविवारी चर्चमधली मिस्सा झाली की मी तारोडीला निघेन. त्याआधी, शनिवारच्या संध्याकाळच्या घंटेच्या आत, मला तुमचं उत्तर पाहिजे. लाल पेन्सिलीत, सहीनिशी, लेखी.